घरच्या म्युझिक सिस्टिमकडून काय अपेक्षा ठेवावी?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेले भाषण. वक्त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे.)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्ही साऊंडमधले. तुमच्या कामातलं काहीतरी बोला, पण लोकांना उपयोगी पडेल असं. आणि 20 मिनिटांत आटपा, नंतर पावभाजी आहे." पावभाजीच्या आधी बोलणाऱ्याला लोक किती वेळ सहन करतात ते मला माहीत आहे, म्हणून सरळ विषयाला हात घालतो.

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात 31 वर्षं काढली. त्यामुळे आपल्या सोसायटीत कुणालाही टीव्ही, साऊंडबार, स्पीकर काहीही घ्यायचं झालं की लिफ्टमध्ये मला अडवून एकच प्रश्न विचारतात, "काका, कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "काय ऐकायचंय? आणि कुठे बसून?" लोकांना वाटतं काका टाळतायत. टाळत नाही हो. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कंपनीचं नाव शेवटी येतं, आणि बऱ्याचदा यायची गरजही उरत नाही.

आपण इथे राहायला आलो तेव्हा घरोघरी काय होतं ते आठवा. टू-इन-वन, कॅसेट डेक, आणि ज्यांच्याकडे जरा बरे पैसे होते त्यांच्याकडे तीन सीडी बसणारी ती चकचकीत सिस्टिम. दिवे लागायचे, निळे-लाल पट्टे वर-खाली व्हायचे. आणि समोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 2000 वॅट पीएमपीओ. माझ्या मेव्हण्याकडे असली एक होती. मी ती उलटी करून तळाचं लेबल वाचलं, तिथे बारीक अक्षरांत होतं, वीज 45 वॅट. आता मला सांगा, भिंतीतून 45 वॅट घेणारी वस्तू 2000 वॅट कुठून देणार? पीएमपीओ म्हणजे क्षणाच्या बारीकशा तुकड्यात, सगळं जुळून आलं तर, कागदावर किती होईल त्याचा आकडा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे ती सिस्टिम सलग किती देऊ शकते त्याचा. मेव्हणा त्या दिवशी जेवला नाही माझ्याशी.

वॅटचं एक गणित मात्र लक्षात ठेवा. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दुप्पट करून चालत नाही, साधारण दहापट लागतात. म्हणून 50 वॅटची सिस्टिम विकून 100 वॅटची आणली तर फरक फक्त 3 डेसिबल, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. आणि आपल्या हॉलमध्ये, गप्पा मारता मारता गाणं ऐकतो तेवढ्या आवाजाला, स्पीकर बरा असेल तर एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसारख्या एखाद्या अचानक येणाऱ्या जोरकस आवाजासाठी शिल्लक ठेवायचे असतात. म्हणजे वॅट बघून सिस्टिम घेणं हे पंख्याच्या पात्यांची लांबी बघून घर घेण्यासारखं आहे.

मग अपेक्षा कसली ठेवायची? तर माझी एकच आहे, आणि ती मी 31 वर्षांत बदललेली नाही. डोळे मिटले की माणूस खोलीत यायला हवा. गाणारा, बोलणारा, बातम्या देणारा, कुणीही. त्याचा श्वास घेतलेला कळला पाहिजे, शब्द कळला पाहिजे, आणि तो एका ठिकाणी उभा असला पाहिजे. एवढं जमलं की बाकी सगळं पुढचं.

मैफल घरी येणार नाही. ही गोष्ट दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो. सवाईच्या मंडपात तुम्ही ऐकता त्यात हजारो माणसं असतात, मोकळी हवा असते, थंडी असते, शेजारच्याची "वाह" असते. ते डब्यात बसत नाही. आणि थिएटरही घरी येणार नाही. मी 'शोले' मिनर्व्हाला पाहिला, 70 एमएमवर, स्टिरिओ आवाजात. घोड्यांच्या टापा पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना ऐकल्या आणि अंगावर काटा आला होता. पण मिनर्व्हात मी आणि स्पीकर यांच्यामध्ये केवढं अंतर होतं! आणि मिनर्व्हाच्या फरशीखाली कुणी झोपलेलं नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

आता आपला हॉल. आपल्या इथे बरं आहे, सगळे टू-बीएचके एकाच नकाशाचे. हॉल 16 फूट बाय 10 फूट, उंची साडेनऊ फूट. म्हणजे मी एकदाच सांगितलं तरी सगळ्यांना लागू.

तुम्ही ताबा घेतला तो दिवस आठवा. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून कुणीतरी टाळी वाजवली असेल, निदान पोरांनी "हो" म्हणून ओरडून पाहिलं असेल. टाळीच्या मागे एक झणझणीत शेपूट आलं होतं ना? समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज टेबल टेनिसच्या चेंडूसारखा जातो-येतो, त्याचं ते शेपूट. तेच शेपूट प्रत्येक शब्दाला लागतं. मग सामान आलं, सोफा आला, पडदे लागले, पुस्तकांचं कपाट आलं, आणि खोली गप्प झाली. आता गेल्या काही वर्षांत आपण काय केलं? इंटीरिअर केलं. पडदे काढून ब्लाइंड्स लावले, सतरंजी काढून चकचकीत टाइल्स दाखवल्या, पुस्तकं माळ्यावर टाकली, टीव्हीमागे काच बसवली. आणि मग म्हणतो, नवीन टीव्हीवर बोलणं नीट कळत नाही. माझं ऐका, नवीन काही घेण्याआधी हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. शेपूट ऐकू आलं तर आधी सतरंजी घाला, एका भिंतीला पुस्तकं लावा. माळ्यावर पुस्तकांचा काही उपयोग नाही, ना आवाजाला, ना डोक्याला.

हे झालं वरच्या सुरांचं. खालच्या सुरांची, म्हणजे ज्याला सगळे 'बेस' म्हणतात त्याची, तऱ्हा वेगळी. त्याच्या लाटा लांबलचक असतात. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ 23 फूट. ती पडद्याला आणि सतरंजीला जुमानत नाही. ती आपल्या हॉलच्या दोन भिंतींमध्ये अडकते आणि घुमते. आपल्या हॉलची रुंदी 10 फूट आणि उंची साडेनऊ, म्हणजे जवळजवळ सारखीच, त्यामुळे 55 ते 60 हर्ट्झच्या आसपासचा सूर आपल्या सगळ्यांच्या हॉलमध्ये फुगतो. तुमचं घर वेगळं आणि माझं वेगळं असं नाही, बिल्डरनं सगळ्यांना सारखंच दिलंय! हा फुगवटा भिंतीजवळ सगळ्यात जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध सगळ्यात कमी. आपला सोफा कुठे असतो? भिंतीला टेकून. म्हणून आपल्याला डग्गा ढब्ब वाजतो आणि वाटतं, वा, काय बेस आहे. तो डग्गा नसतो, ती भिंत असते. सोफा फूटभर पुढे ओढून बघा. जमत नसेल तर निदान ऐकताना पुढे सरकून बसा. फुकटचा उपाय आहे.

दोन स्पीकर असतील तर तुम्ही आणि ते दोघे मिळून साधारण समान बाजूंचा त्रिकोण व्हावा. उंच सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर. कोपऱ्यात कोंबू नका, कोपरा बेस आणखी फुगवतो. आणि एक स्पीकर टीव्हीशेजारी, दुसरा फ्रिजवर, असं आपल्या सोसायटीत निदान दोन घरांत आहे. नावं घेत नाही, ते दोघेही समोर बसलेत.

सिस्टिम नीट लागली आहे का हे तपासायला मशीन लागत नाही. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' होत होतं त्या काळातलं कुठलंही जुनं गाणं लावा. ती मुद्रणं मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच येतं. तेव्हा मधोमध बसून डोळे मिटले की गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, उभा राहिला पाहिजे. उभा राहिला तर सिस्टिम ठीक. आवाज पसरट, सगळीकडून आल्यासारखा, आणि बेस गायब असेल तर एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे. लाल जागी काळी, काळीच्या जागी लाल. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

ए विंगमधल्या एका गृहस्थांनी चार वर्षं अशीच सिस्टिम ऐकली. तेवढ्यात त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बदलला, आठ हजारांची वायर आणली. मी गेलो, मागे हात घातला, दोन वायरी अदलाबदल केल्या, अर्ध्या मिनिटाचं काम. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर आमच्या वडिलांच्या रेडिओसारखं वाजतंय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही. वायरीचं म्हणाल तर 10-15 फुटांसाठी बऱ्या जाडीची साधी तांब्याची वायर पुरते.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. ज्यांची गोष्ट आहे त्या वहिनी समोर बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच सांगतोय.

आमच्या मुलाला पहिली नोकरी लागली आणि त्यानं सबवूफर आणला. मोठा, काळा, चौकोनी. हॉलमध्ये जागा कुठे? कोपऱ्यात. मीच ठेवला, हौसेनं. रात्री नऊ-साडेनऊला तो ऑफिसमधून यायचा, जेवायचा, आणि गाणी लावायचा. फार मोठ्यानं नाही बरं का, आम्ही एकमेकांशी बोलू शकत होतो. खालच्या मजल्यावर वहिनी आणि भाऊ. भाऊंचं बायपास होऊन काही आठवडे झाले होते. त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, "जरा रात्रीचं बघाल का?" मी काय करावं? मी मीटर आणला. माझा स्वतःचा, कामावरचा. जिन्यात उभा राहून मोजलं आणि त्यांना दाखवलं, "हे बघा वहिनी, 42. रहिवासी भागात रात्री दहानंतरसुद्धा 45 चालतं, दिवसा 55." कायदा पाठ होता ना. त्या काही बोलल्या नाहीत. असे आठ महिने गेले.

एके रात्री त्यांनी बोलावलं म्हणून खाली गेलो. भाऊ कॉटवर पडलेले, डोळे उघडे. वर आमचा मुलगा गाणी ऐकत होता, रोजच्या इतक्याच आवाजात. मी तिथे पहिल्यांदा बसून ऐकलं. गाणं नव्हतंच. शब्द नाही, सूर नाही, काही नाही. नुसता ठोका. धम्, धम्, धम्, आणि प्रत्येक ठोक्याला पाण्याच्या पिंपावरची ताटली झिणझिण करत होती. वरचं सगळं स्लॅबनं अडवलं होतं आणि फक्त ठोका खाली सोडला होता. छातीवर नुकते टाके पडलेल्या माणसाला त्याच्या छातीपेक्षा वेगळ्या तालातला ठोका रात्रभर ऐकावा लागत होता.

माझा मीटर खोटा नव्हता. पण तो 'ए' पद्धतीनं मोजत होता. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ती पद्धत खालच्या सुरांना वजा करते, आणि 50 हर्ट्झला तब्बल 30 डेसिबल वजा करते. म्हणजे 70 ची धमधम असली तरी मीटर 40 च दाखवणार. हे मी शिकलेला होतो. परीक्षेत लिहिलेलं होतं. आणि 31 वर्षांत मी आवाज नेहमी स्पीकरसमोर बसून ऐकला, कुणाच्या तरी छताखाली बसून एकदाही नाही.

त्याच रात्री सबवूफर कोपऱ्यातून काढला. तळाशी रबराचं जाड पॅड घातलं. पातळी इतकी उतरवली की तो चालू आहे हे तो बंद केल्यावरच कळावं. खरं तर सबवूफर असाच लावायचा असतो. पॅडनं सगळं थांबतं असं समजू नका, फरशीला थेट बसणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा भाग जातोच. म्हणून नऊनंतर त्याचं बटण बंद, दुसरा इलाज नाही. भाऊ त्यानंतर सहा वर्षं होते. शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलले. पण ते आठ महिने झोपेचे होते आणि ते मी बुडवले.

वहिनींशी तेव्हापासून ठरलंय, ताटली वाजली की फोन करायचा. गेल्या दिवाळीत नातू आला होता, दुपारी काहीतरी लावलं. फोन आला. मी म्हटलं, बंद करतो. त्या म्हणाल्या, "बंद नका करू, गाणं कुठलं आहे ते सांगा. माझ्याकडे नुसता ठोकाच येतोय." मग वर येऊन पूर्ण ऐकून गेल्या.

तेव्हा 16 बाय 10 च्या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी बघा. मागचे स्पीकर सोफ्यावर बसलेल्याच्या कानाला अक्षरशः चिकटतील, आणि सबवूफरच्या खाली कुणाची बेडरूम आहे ते आधी विचारून या. माझं मत विचाराल तर आपल्या हॉलला दोन चांगले स्पीकर पुष्कळ झाले.

आता साऊंडबारबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. टीव्ही चपटे झाले आणि त्यांचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसले, त्यामुळे बोलणं आधी भिंतीवर आपटतं आणि मग आपल्याकडे येतं. साऊंडबारनं हे नक्की सुधारतं, कारण त्याचं तोंड आपल्याकडे असतं. शिवाय हल्लीच्या सिनेमा-मालिकांत बोलणं हळू आणि मारामारी मोठी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा तशा नावाचं काहीतरी असतं, ते ही दरी कमी करतं. पैसे खर्च करण्याआधी ते लावून बघा.

पण माझ्याकडे मुलं येतात ती म्हणतात, "आईबाबांना टीव्ही ऐकू येत नाही, फार मोठा करतात, चांगला साऊंडबार सांगा." तिथे मी थांबवतो. वय वाढलं की कानाचे वरचे सूर आधी जातात. स, श, त, थ, फ ही व्यंजनं त्या वरच्या भागात राहतात. स्वर खाली राहतात, ते शाबूत असतात. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतोय, कळत नाही." फोनवर 'पाच' का 'सात' कळत नाही ते यामुळेच. टीव्ही मोठा केला की स्वर मोठे होतात, व्यंजन हरवलेलं ते हरवलेलंच, आणि सुनेचं डोकं उठतं. मग घरात भांडण होतं ते आवाजावरून नसतंच.

मी माझा स्वतःचा कान तपासून घेतला. साऊंडचा माणूस, 66 व्या वर्षी. आलेख बघितला, उजवीकडे नुसता उतार. लहान मुलाला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं म्हणतात, माझं त्याच्या निम्म्यावरच संपतं. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मग बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मला तीन वर्षांपासून माहीत आहे." आता मी टीव्ही बघताना यंत्र लावतो. आजही लावलंय, कानामागे बघा. तेव्हा आईबाबांसाठी साऊंडबार जरूर घ्या, पण आधी त्यांना कानाच्या तपासणीला न्या, आणि नेताना "तुम्हाला ऐकू येत नाही" असं म्हणू नका. माझ्यासोबत चला म्हणा, मी येतो.

जुने स्पीकर टाकून देऊ नका, हे शेवटचं. आपल्या दमट हवेत स्पीकरच्या कडेची फोमची गोल पट्टी कुजते, बोट लावलं की भुगा होतो, आणि लोक समजतात स्पीकर गेला. ती पट्टी बदलता येते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडला विचारा, नव्याच्या मानानं फारच थोड्या पैशांत होतं.

पावभाजीचा वास यायला लागला आहे आणि सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. ज्यांना आपल्या लाल-काळ्या वायरींबद्दल शंका आली असेल, आणि चेहऱ्यांवरून बऱ्याच जणांना आलेली दिसते, त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर बोलवा. येताना मी काही आणणार नाही. तुम्ही फक्त एखादं जुनं गाणं काढून ठेवा, आणि खालच्या मजल्यावर सांगून ठेवा की काका तपासायला येणार आहेत.